एमएच पासिंगची जुनी गाडी बंगळूरला नेताना

बारा-तेरा वर्षं जुनी स्प्लेंडर किंवा पल्सर बंगळूरला न्यायची, तर गाडी पोचवणं हा त्यातला सोपा भाग आहे. गाडी दोन दिवसांत पोचते. लोक अडकतात ते सहा-आठ महिन्यांनी. गाडी बंगळूरच्या पार्किंगमध्ये उभी, कागद पुण्याच्या आरटीओत, आणि मधे ८४० किलोमीटर. म्हणून या लेखातला बराचसा मजकूर गाडी हलायच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांबद्दल आहे. उदाहरण पुणे-बंगळूरचं घेतलंय. कायदा केंद्राचा असल्यामुळे हैदराबाद, इंदूर किंवा पणजीला जाणाऱ्यांनाही कागदांचा क्रम हाच. फक्त कराचा आकडा आणि रस्ता वेगळा.

आधी ठरवा: न्यायची की विकायची

आरसीवरची नोंदणीची तारीख बघा. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तुमच्या गाडीची पंधरा वर्षं वर्ष-दीड वर्षात भरत असतील, तर बंगळूरला गेल्यावर नवा नंबर, तिथला रोड टॅक्स आणि नूतनीकरण असं सगळं एकापाठोपाठ अंगावर येतं. नूतनीकरणाची केंद्राची फी दुचाकीला १,००० रुपये आहे, आणि गाडी २० वर्षांवरची असेल तर २,०००. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरणाला गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागते. अर्ज मुदत संपायच्या आधी ६० दिवसांच्या आत करता येतो, त्यापेक्षा लवकर नाही. तारीख या खिडकीत बसत असेल तर नूतनीकरण पुण्यातच उरका आणि मग गाडी हलवा. बसत नसेल, गाडी शंभर सीसीची असेल आणि इंजिनही धूर टाकत असेल, तर खरं सांगायचं तर ती इथेच विकून तिकडे केए पासिंगची जुनी गाडी घेणं स्वस्त पडतं.

उलट गाडी सात-आठ ते बारा वर्षांची, एकहाती वापरलेली, हप्ते फिटलेले आणि मेकॅनिकला पाठ असलेली असेल, तर बेशक न्या. अनोळखी शहरात अनोळखी सेकंडहँड गाडी घेण्यापेक्षा आपली खोड माहीत असलेली गाडी बरी.

दुसरा प्रश्न, किती दिवसांसाठी? मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. नोकरी अकरा महिन्यांच्या कराराची असेल, तर एनओसीच्या, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवायला मूळ आरटीओ देतं त्या ना हरकत दाखल्याच्या, नादाला लागू नका. एनओसी निघाली की पुण्याच्या आरटीओत त्या गाडीचं पुढचं काम अडतं, आणि बेत बदलला तर ती रद्द करून घेण्याचा वेगळा हेलपाटा. एमएच नंबरवरच चालवा, फक्त गाडी कधी आली याचा पुरावा जपून ठेवा. रेल्वे पार्सलची पावती, बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची पावती), घराचा भाडेकरार, कामावर रुजू झाल्याचं पत्र, यातलं काहीही. पोलिसाने विचारलं तर 'मागच्याच महिन्यात आलो' या वाक्याला कागदाशिवाय किंमत नसते.

बदलीची नोकरी असणाऱ्यांसाठी २०२१ पासून बीएच (भारत) मालिका आहे, म्हणजे राज्य बदललं तरी न बदलणारा नंबर. सरकारी कर्मचारी आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे लोक ती घेऊ शकतात, आणि आधी नोंदलेल्या गाड्यांनाही ती खुली झाली आहे. तिचा कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो. उतरत्या वयाच्या शंभर सीसी गाडीसाठी तो खटाटोप आम्ही सुचवणार नाही.

गाडी घरात असताना उरकायचे कागद

पहिलं काम, परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून नोंद उघडते का ते बघा. जुन्या पुस्तकी आरसीच्या काही गाड्यांची नोंद 'वाहन' प्रणालीत चढलेलीच नसते, किंवा चढवताना नावाचं स्पेलिंग, चेसिसचा एखादा आकडा चुकलेला असतो. ही दुरुस्ती मूळ आरटीओच करतं, बंगळूरमधून होत नाही. नोंदीतला मोबाइल नंबरही बघा. बारा वर्षांपूर्वी शोरूमवाल्याने स्वतःचाच नंबर टाकून दिलेला असतो, आणि पुढे प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो.

दुसरं, बँकेचा बोजा. हप्ते केव्हाच फिटलेत, पण आरसीवर एचपी (कर्जाची नोंद) तशीच आहे, असं जुन्या गाड्यांत हमखास सापडतं. बँकेकडून ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्या आणि बोजा उतरवा. मधल्या काळात बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर पत्र नव्या बँकेचं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. हे काम सगळ्यात आधी सुरू करा.

तिसरं, गाडी वडिलांच्या नावावर असणं. चालवायला काहीच हरकत नाही. पण बंगळूरला नवा नंबर घेताना पत्त्याचा पुरावा मालकाचा लागतो, आणि वडील तर साताऱ्यात. तेव्हा राहणार असाल तर निघण्याआधीच फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्या, आणि विमाही नावावर करा. आरसी मुलाच्या नावावर आणि पॉलिसी वडिलांच्या नावावर राहिली, तर अपघाताच्या दाव्यात तीच फट सापडते.

चौथं, ई-चलन. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून थकलेले दंड भरून टाका. थकबाकी असली की एनओसी अडते. चलनावरचा फोटो तुमच्या गाडीचा नसेल तर तक्रार आत्ताच करा.

पाचवं, नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) दोन्ही राज्यांत सक्तीची आहे. एमएच नंबरवर वर्षभर चालवणार असाल तर ती महाराष्ट्रातच बसवून निघा. मराठी आकड्यांची हौसेची पाटी असेल तर ती काढून घरी ठेवा. नियमात इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच बसतात, आणि परराज्यातली गाडी थांबवायला ते आयतं निमित्त होतं.

विम्याच्या पॉलिसीवरचे इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवून बघा. ऑनलाइन नूतनीकरणात एखादा आकडा इकडचा तिकडे होतो आणि पुढची पाच वर्षं तसाच कॉपी होत राहतो. पीयूसी देशभर चालते. २०१७ च्या एप्रिलआधीच्या बीएस-३ (जुन्या प्रदूषण मानकाच्या) गाडीला ती सहा महिन्यांची मिळते, बीएस-४ ला वर्षाची. महाराष्ट्राचं लायसन्सही देशभर चालतं, ते बदलायची गरज नाही.

चेसिसचा ठसा: पाच कागद जास्त घ्या

एनओसीचा अर्ज म्हणजे फॉर्म २८. त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. गोची अशी की एनओसीवर कुठल्या आरटीओसाठी ती आहे ते लिहावं लागतं, आणि ते बंगळूरचं घर ठरल्याशिवाय कळत नाही. कोरमंगलाचं केए-०१, इंदिरानगरचं ०३, जयनगरचं ०५, इलेक्ट्रॉनिक सिटीचं ५१, के. आर. पुरमचं ५३. अंदाजाने एक टाकून एनओसी काढली आणि घर दुसऱ्या टोकाला मिळालं, की कागद पुन्हा पुण्याला.

यावर उपाय सोपा आहे. गाडी घरी असतानाच ठसे काढून ठेवा. फॉर्म २८ च्या तीन प्रती आणि वर साध्या पातळ कागदाचे चार-पाच तुकडे. एक संच पुण्यात घरच्यांकडे, एक तुमच्याकडे. घर ठरलं की फॉर्म भरून टाकायचा, गाडी परत आणावी लागत नाही.

ठसा काढायची रीत अशी. बऱ्याच गाड्यांत चेसिस नंबर हँडलखालच्या नळीवर, म्हणजे पुढच्या फोर्कच्या मागे उजव्या अंगाला ठोकलेला असतो. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की दिसतो. तिथे वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि धूळ बसलेली असते. रॉकेल लावलेल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने साफ करा आणि कोरडं होऊ द्या. पातळ कागदाची पट्टी चिकटपट्टीने दोन्ही टोकांना ताणून बसवा, म्हणजे मधे सरकत नाही. टूबी पेन्सिलचं टोक आडवं धरून एकाच दिशेने हलकं घासा. जोर दिला की कागद खड्ड्यात फाटतो, आणि ३ कुठला नि ८ कुठला कळत नाही. पॉलिश पेपरने घासू नका. वायर ब्रशसुद्धा नको. कोकणात वापरलेल्या गाडीत गंजाने एखादा आकडा खाल्लेला असतो, आणि घासलं की उरलेलाही जातो. पुसट झालेला आकडा पंच घेऊन स्वतः कोरणं हा तर गुन्हाच. तसा आकडा असेल तर गाडी इथल्याच आरटीओत दाखवून नोंद करून घ्या. बंगळूरचा इन्स्पेक्टर कागदाशी न जुळणारा ठसा मान्य करणार नाही, आणि त्याने का करावा?

गॅरेजचं काम पंधरा दिवस आधी

आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करून निघणं ही सर्वांत मोठी चूक. काम पंधरा दिवस आधी करा आणि त्यानंतर गाडी रोजच्या वापरात दोन-तीनशे किलोमीटर फिरू द्या. सैल राहिलेला नट, गळणारा सील, चुकीची बसलेली केबल हे सगळं घराजवळच उघडं पडतं.

गॅरेजवाल्याला नुसतं 'सर्व्हिसिंग कर' म्हणू नका, सांगून बघायला लावा. मागच्या चक्रावर चेन बोटाने मागे ओढा. दाताचा अर्धा भाग उघडा दिसला तर चेन-स्प्रॉकेटचं पूर्ण किट बदला, नुसती चेन बदलू नका. झिजलेले दात नवी चेन थोड्याच दिवसांत खातात. पुढचं चाक अधांतरी करून हँडल हळू फिरवा. बरोबर मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलखालच्या नळीतली बेअरिंगं, गेला. शहरात ते जाणवत नाही, साठच्या वेगाला गाडी डोलते. ब्रेक दाबून मागच्या ड्रमवरचा बाण खुणेपर्यंत आला असेल तर लायनर संपलेत. टायरवर चार आकडे असतात. ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, आणि पावसात घसरतं.

पेट्रोलची नळी, कॉकचं वायसर आणि कार्ब्युरेटरची रबरं बदलून घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांची रबरं त्यासाठी बनलेली नाहीत. ती फुगतात, चिरतात आणि कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा ठेवा.

गाडीचं मॉडेल बंद झालं असेल, म्हणजे कॅलिबर किंवा सीडी-१०० च्या पिढीतली असेल, तर सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा), क्लच प्लेटा आणि केबल नाना पेठेतून आधीच घेऊन ठेवा. बंगळूरला सुट्या भागांचा बाजार जे. सी. रोडला आहे आणि तिथे बरंच मिळतं. पण पहिल्याच आठवड्यात, ओळख नसताना, तो शोध नको.

रेल्वेने पाठवताना

आमच्या मते जुन्या शंभर सीसी गाडीसाठी हाच मार्ग बरा. पुण्याहून उद्यान एक्सप्रेस सोलापूर, गुंतकलमार्गे बंगळूरला जाते. त्याच गाडीचं तुमचं तिकीट असेल तर दुचाकी लगेज म्हणून बुक करता येते, तिकीट नसेल तर पार्सल म्हणून. लगेज महाग, पण सहसा तुमच्याबरोबरच पोचतं. पार्सल जागा मिळेल तसं जातं. आरसी आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स प्रती घेऊन आदल्या दिवशी पार्सल ऑफिसात जा.

टाकीत पेट्रोल चालत नाही. घरून निघताना स्टेशनपर्यंत पुरेल एवढंच ठेवा. तिथे कॉकची नळी काढून उरलेलं कॅनमध्ये उतरवा आणि कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू ढिला करून वाटीही रिकामी करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून टेप लावा. आरसे काढून बॅगेत घ्या. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरच्या पट्ट्या किंचित ढिल्या करा, म्हणजे धक्का बसला तर लिव्हर फिरते, तुटत नाही. पॅकिंगवाले स्टेशनबाहेर असतात. टाकी, हेडलाइट आणि इंडिकेटरवर गोणपाटाखाली पुठ्ठा घालायला सांगा, नुसतं गोणपाट टाकी खरवडतं. हँडल लॉक करू नका. लॉक केलेली गाडी हमाल उचलून आपटतात, दुसरा इलाजच नसतो त्यांना. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि चावी स्वतःकडे.

पुठ्ठ्यावर कुठून-कुठे, गाडीचा नंबर आणि मोबाइल नंबर जाड मार्करने लिहून पुढे-मागे दोन्हीकडे बांधा. बंगळूरला गाडी उतरल्यावर ठरलेल्या वेळेत उचलली नाही तर तासावर दंड चढतो. उतरल्या दिवशी बरोबर रिकामी बाटली आणि पाना घेऊन जा. पेट्रोल घालून, बॅटरी जोडून मगच निघता येतं.

पॅकर्स-मूव्हर्सकडे दिली तर बिल्टीवर गाडीचा नंबर, किलोमीटर आणि ठरलेली पूर्ण रक्कम लिहून घ्या. गाडी देताना मीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढा. सगळे पैसे आधी देऊ नका. गाडी दारात आल्यावर 'टॅक्स वेगळा, उतरवणावळ वेगळी' म्हणणारे भेटतात, तेव्हा हातात कागद लागतो.

चालवत न्यायची असेल तर

राष्ट्रीय महामार्ग ४८: सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी, हावेरी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर. दुचाकीला टोल नाही. एका दिवसात करायचा हा रस्ता नव्हे. हुबळी जवळपास मध्यावर पडतं, मुक्काम तिथे करा. शंभर सीसी गाडी ५५-६० वर ठेवा, दर तास-सव्वा तासाने दहा मिनिटं थांबा. हुबळीला सकाळी इंजिन थंड असताना ऑइल बघा. जुनं इंजिन लांबच्या पल्ल्यात ऑइल पितं, शहरात तेवढं पीत नाही. डिकीत अर्धा लिटर असू द्या, चेनलाही तिथेच तेल द्या.

स्प्लेंडरसारख्या गाडीला एकट्याने जाताना पुढे २५ आणि मागे २८ हवा. मागे सामान लादलं तर कंपनीने डबलसीटसाठी दिलेला आकडा घ्या. बरोबर २.७५-१८ ची एक ट्यूब, प्लग, चेन लॉक, फ्यूज, हेडलाइटचा बल्ब आणि क्लच केबल. नवी केबल जुन्या केबलला लागूनच टेपने बांधून ठेवली तर तुटल्यावर बदलायला पाच मिनिटं लागतात.

चित्रदुर्गाजवळ पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. तिथे आडवा वारा हलकी गाडी ढकलतो, तेव्हा ट्रकच्या शेजारून जाताना वेग उतरवा. जुलै-ऑगस्टात निघत असाल तर पंचगंगेची पातळी बघून निघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूरजवळ हाच महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता.

पोचल्यावर

बंगळूर समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटरवर आहे, पुण्यापेक्षा साडेतीनशे मीटर उंच. हवा थोडी विरळ, म्हणून कार्ब्युरेटरच्या गाडीचं मिश्रण जरा गडद होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. मुंबईहून आलेल्या गाडीत हे जास्त जाणवतं: पिकअप मंद, प्लग काळा आणि पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) वर. २००० नंतरच्या फोर-स्ट्रोकला मर्यादा साडेतीन टक्क्यांची आहे. मेकॅनिककडून एअर स्क्रू आणि आयडलिंग लावून घेतलं की भागतं. लगेच जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक नळी) बदलायला लावणाऱ्याकडे जाऊ नका. गॅरेजात 'एष्टु आगुत्ते?' म्हणजे 'किती होतील?' एवढं कन्नड पहिल्या दिवशी येऊ द्या. भाव कमी होईलच असं नाही, पण बोलणं सुरू होतं.

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. नाइस रोडला दुचाकीलाही टोल आहे, आणि म्हैसूर एक्सप्रेसवेच्या मुख्य मार्गावर दुचाकीला २०२३ पासून बंदी आहे, बाजूच्या सर्व्हिस रोडने जायचं.

राहायचं पक्कं झालं की दहाव्या-अकराव्या महिन्याची वाट बघू नका. एनओसी हातात आल्यावर परिवहनच्या साइटवर नव्या नंबरसाठी फॉर्म २७ चा अर्ज करा. मूळ एनओसी, मूळ आरसी, विमा, पीयूसी आणि तुमच्या नावाचा बंगळूरचा पत्ता लागतो. घरमालक नोंदणीकृत भाडेकरार देत नसेल तर आधारचा पत्ता आधी बदलून घ्या. नोंदणीची फी ३०० रुपये आणि स्मार्ट कार्डचे २०० वेगळे. मोठा खर्च कर्नाटकच्या आजीवन कराचा. तो गाडीच्या मूळ किमतीवर काढतात, वयाबरोबर उतरत जातो, पण जुन्या गाडीलाही शून्य होत नाही. पुण्यात भरलेला कर त्यातून वजा होत नाही. नंतर गाडी तपासणीला न्यावी लागते. घरी काढलेल्या ठशाचा एक कागद बरोबर ठेवा, पण तिथे ठसा नव्याने घेतात.

केए नंबर पडला की त्याच आठवड्यात विमा कंपनीला नवी आरसी पाठवून पॉलिसीवर नंबर बदलून घ्या, पीयूसी नव्या नंबरावर काढा आणि नवी एचएसआरपी बसवा. जुनी प्लेट भंगारात देण्याआधी वाकवून मोडा. महाराष्ट्रात उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मूळ आरटीओत नव्या आरसीची प्रत जोडून मागता येतो. गाडी पाच-सहा वर्षांची असेल तर अर्ज कराच. तेरा वर्षांची असेल तर पुण्याच्या तिकिटाएवढेसुद्धा सुटणार नाहीत, दिवाळीला घरी जाल तेव्हा जमलं तर बघा.